फाल्गुन-चैत्रातले घरचे बारीकसारीक सोहळे (शक्यतो घराबाहेर)

माचीवरची आजी

मंडळी, आमच्या घरात एक रीत पडून गेली आहे. शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गोडधोड करण्यासारखं जे काही घडेल ते चार भिंतींच्या आत साजरं करायचं नाही. (साताऱ्याबाहेरच्यांसाठी: आमच्या गावच्या ‘चार भिंती’ डोंगरावर, उघड्यावर आहेत. तिथे चालतं!)

सण तर आहेतच. होळीची पुरणपोळी आणि कटाची आमटी, रंगपंचमी, पाडव्याची गुढी, रामनवमीचा सुंठवडा. पण मी बोलतेय ते कॅलेंडरात छापून न येणाऱ्या गोष्टींबद्दल. नातीचा शेवटचा पेपर झाला, नातवाचे पुढचे दात पडले, सूनबाईंना बढती मिळाली, शेजारच्या पोरीला सायकल यायला लागली. अशा प्रसंगांना हल्ली एक तर हॉटेलात जातात, नाहीतर फोनवर अंगठा दाखवून मोकळे होतात. वाढदिवसांचं तर बोलायलाच नको. हॉल, फुग्यांची कमान, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि ज्याचा वाढदिवस ते पोर कोपऱ्यात पेंगतंय. मला हे पटत नाही, आणि या वयात न पटलेलं बोलून दाखवायची मुभा असते.

साताऱ्यात पावसाचे चार महिने गच्चीवर पाय ठेववत नाही. थंडीत संध्याकाळ लवकर संपते. मे महिन्यात ऊन आणि पाहुणे दोन्ही डोक्यावर. बाहेर बसायचे खरे दिवस हेच.

यंदाचंच सांगते. ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. धूळ-वारा टाळायला सांगितलेले दिवस संपले त्या संध्याकाळी सगळे अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागलो. रिक्षा जाते तिथवर रिक्षा, पुढे रमतगमत. चार भिंतींपाशी बसून हे खालचं गाव वाचायला लागले. हा राजवाडा, ती गोल बाग, तो पलीकडे जरंडेश्वर. नातू मुद्दाम चुकीचं सांगायचा आणि हे दुरुस्त करायचे. शेवटी आमच्या घरावरची पाण्याची टाकी सापडली, तिचं झाकण उघडं आहे हेसुद्धा दिसलं, आणि तिथल्या तिथे मुलाला बोलणी बसली. पेढे होतेच. भडंग होतं, ताक होतं. डोळा नीट झाल्याचा याहून चांगला सोहळा मला सुचला नसता.

वाटेवर काटेसावर फुलली होती. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे यांची नुसती झुंबड. खाली पडलेलं फूल उचलून बघा, पाकळी चांगली जाड, गुळगुळीत असते. नात त्यांची भातुकली मांडते. पांगारा आणि पळसही याच दिवसांत. आणि दुपारभर कुठूनतरी तांबटाचा ठोका चालू. पक्षी दिसत नाही, आवाज थांबत नाही.

आता कासचं. नाव काढलं की लोक पावसाळ्यातल्या फुलांबद्दलच बोलतात. मार्चमध्ये पठार पार करपलेलं असतं, फुलं बघायला आलेली माणसं हिरमुसून वडापाव खाऊन परत जातात. अरे, पण पठार सोडून तलावाकडच्या झाडीत जरा शिरा की! अंजन फुललेला असतो. एरवी ढुंकूनही बघू नये असं काळपट हिरवं झाड. फुलतं तेव्हा कोवळ्या शेंड्याला नाही, थेट जुन्या फांदीच्या सालीवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके धरतात. फूल केवढंसं, पण फांदीच्या फांदी त्यानं मढलेली. सूनबाईंची बढती आम्ही त्या झाडाखाली साजरी केली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. बस्स.

आणि चैत्रगौर. शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे हळदीकुंकवाला महिनाभरातला कुठलाही दिवस धरता येतो. मी मंगळवार-शुक्रवार बघत नाही, रविवारची संध्याकाळ धरते, कारण नोकरीवाल्या मुलींना तीच सोयीची. अंगण आमचं चिमूटभर, पण गौर बाहेरच मांडायची. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्याची ओटी. ज्या बायांना एरवी हळदीकुंकवाला बोलवत नाहीत त्यांनाही बोलावते, त्यावर चर्चा नको. नात चैत्रांगण काढते. शंख, चक्र, कासव, तुळशीवृंदावन, फणी-करंडा सगळं नीट, आणि एका कोपऱ्यात स्वतःची सायकल. गौरीनं अजून तक्रार केलेली नाही.

तुमच्याकडे या दिवसांत घरचं काय काय बाहेर साजरं होतं ते लिहा. कुठे जाता, काय नेता, सगळं.

हळदीचं पेव

आजी, झकास धागा! सांगलीकर म्हणून हजेरी लावतो.

आमच्याकडचा राजा प्रकार म्हणजे नावेतलं डोहाळजेवण. पूर्वी बागेतलं, झोपाळ्यावरचं, चांदण्यातलं आणि नावेतलं असे प्रकार असायचे. बहिणीचं आम्ही कृष्णेत नावेत केलं. नाव झेंडूच्या माळांनी सजवली, ती हिरव्या साडीत मधोमध, आणि आयर्विन पुलाच्या कमानींखालून सावकाश फेरी. हा पूल 1929 चा, पण नावेतून वर बघितल्याशिवाय त्याची खरी उंची कळत नाही. पलीकडच्या काठावर जेवण.

एक सांगून ठेवतो. पाणी संथ दिसतं म्हणून पोरांना काठावर मोकळं सोडू नका. आमच्या कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबरापासून खाली हरिपूरपर्यंत. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरलं की उन्हं खात पडलेल्या असतात, अंडी घालायचे दिवसही हेच. नावाडी अनुभवी हवा, जॅकेट हवं आणि पाण्यात हात घालून बसायचं नाही.

आणि हळद! फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीच्या आसपासच्या कुठल्याही रानात जा, हळद शिजत असते. शिजली का ते बघायला गड्यानं कांडीत गवताची काडी टोचायची. आरपार गेली की उतरवा. मग पंधरवडाभर उन्हात पसरायची. माझ्या आईला त्या वाफेचा वास फार आवडतो. दरवर्षी कुणाच्यातरी रानात तिला घेऊन जातो, ओळख असो नसो. कुणी परत पाठवलेलं नाही, उलट दर वेळी चहा.

एक सून

धागा छान, वाचायला मजा आली. पण मला साधा प्रश्न पडलाय. दशम्या, चटणी, दही, भडंग, ताक हे सगळं भरतं कोण आणि आल्यावर डबे घासतं कोण? आमच्याकडेही ‘घरच्या घरी साधंसं’ असतं. त्या साध्याशासाठी मी पहाटे साडेचारला उठते. त्यापेक्षा हॉटेल बरं, निदान तिथे मी बसून जेवते.

वाईचा भाचा

एक सून, +1.

रंगपंचमीला बावधनच्या बगाडाला या सगळे. बगाडाचा लाकडी गाडा सोनेश्वरापासून गावापर्यंत बैलजोड्या लावून ओढतात. गर्दी अफाट, लहान पोरांना घेऊन दुपारी पोचू नका. सकाळी येऊन सावली धरा.

माचीवरची आजी

एक सून, तू विचारलंस ते बरं केलंस. माझी सासू बागेत जेवायला निघायची तेव्हा आम्ही दोघी जावा आदल्या रात्रीपासून चुलीपुढे असायचो. बाग कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून आमच्या घरी दोन गोष्टी पक्क्या. ज्याचा बूट त्यानं पाय घालायचा, म्हणजे ‘चला कुठेतरी जाऊ’ असं जो म्हणेल तो डबा भरणार. ह्यांनी सुचवलं तर हे भरतात. ह्यांना एकच पदार्थ येतो, दडपे पोहे, तेव्हा दडपे पोहे. दुसरं, बाहेर जाताना पंगत न्यायची नाही. एक पदार्थ, एक पातळ, आणि फळ. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते, द्राक्षं असतात, चिरायचीही भानगड नाही. बढतीच्या दिवशीच्या दशम्या मी केल्या, कारण जिची बढती तिनं लाटायच्या की काय? डबे मुलगा घासतो. चिकट राहतात, पण घासतो.

एक सून

हे आधी का नाही लिहिलंत :) चिकट डब्यांसकट तुमच्या मुलाला माझ्या नवऱ्याशी बोलायला सांगा.

माणदेशी गडी

वाचतोय मगापासनं. आजी, राग मानू नका, पण ही चैत्रगौर, पन्हं, आंबेडाळ सगळं पेठेतलं झालं. आमच्याकडं चैत्र म्हंजे शिंगणापूर. बाकी काय न्हाई.

माण तालुक्यात या दिवसांत हिरवं काय दिसत न्हाई, बाभळ आणि लिंब सोडून. पण चैत्र लागला की आमची म्हातारी वेगळीच होती. अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न, द्वादशीला कावडी. सासवडहून तेल्या भुत्याची कावड येती, कऱ्हेचं पाणी घेऊन, आणि मुंगी घाटानं वर चढती. घाट म्हंजे रस्ता समजू नका, उभा कडा हाय. एकमेकाचा हात धरून माणसांची साखळी, वर कावड, आणि हर हर महादेव. माझी आजी घाटाच्या समोरच्या बाजूला एका दगडावर बसती. दगड ठरलेला. दुसरं कुणी बसलं असलं तर त्याला उठवती. पिशवीत ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा. कावड वर लागली की मगच पिशवी सोडती, तवर आम्हालाबी खाऊ देत न्हाई. आम्हा नातवंडांचे कपडे, खेळणी, गोडीशेव सगळं त्या एका जत्रंत. वाढदिवस कधी केला न्हाई तिनं कुणाचा. गरजच न्हाई.

माचीवरची आजी

राग कसला! पेठेतलं ते पेठेतलंच. तुमच्या आजीशेजारचा दगड रिकामा असेल तर सांगा.

सिंहगड रोडवरून

माहेर सातारा. पुढच्या रविवारी दोन्ही नणंदा, पोरंबाळं मिळून यवतेश्वरच्या बाजूला जायचं चाललंय. तिथेच तीन दगडांची चूल मांडून भरीत-भाकरी करावी म्हणतोय. जागा सुचवा.

डोंगरवाट

ताई, चूल नको. हात जोडून सांगतो.

मार्च-एप्रिलमध्ये साताऱ्याच्या डोंगरांवर गुडघाभर वाळलेलं गवत असतं. यवतेश्वर काय, अजिंक्यतारा काय, दर उन्हाळ्यात वणवे लागतात. बऱ्याचदा कारण हेच, अर्धवट विझलेली चूल नाहीतर बिडीचं थोटूक. वारा असला की मिनिटाभरात हाताबाहेर जातं. जमिनीवर घरटी करणारे चंडोल, तितर यांची अंडी-पिल्लं त्यात जातात. नवीन लावलेली रोपं जातात. शिवाय वनखात्याच्या हद्दीत जाळ करणं हा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट आग्या मोहोळाची. कड्यांना, मोठ्या झाडांना, किल्ल्यांच्या बुरुजांना पोळी असतात. धूर गेला की उठतात. भडक अत्तर, दगड मारणं, आरडाओरडा हेही नको. समजा उठल्याच तर हात हलवत उभं राहू नका. तोंड झाकून सरळ पळा, गाडी किंवा बंद खोली गाठा. पाण्यात उडी मारली तर वर घोंघावत वाट बघत बसतात.

भरीत घरी भाजून न्या. गारही चांगलं लागतं.

सिंहगड रोडवरून

बाप रे, मोहोळाचं डोक्यातच नव्हतं. चूल रद्द. नणंदेला हा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवलाय.

निंबोणी

आमच्याकडे या दिवसांतला मोठा सोहळा म्हणजे चीक! कुरडयांच्या दिवशी गच्चीवर. पण माझी आई गेल्यापासून कुणी केला नाही. आजी, प्रमाण सांगाल का?

माचीवरची आजी

निंबोणी, लिही.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. बदललं नाहीस तर आंबूस वास घर सोडत नाही. चौथ्या दिवशी वाटायचे आणि पाण्यात कालवून फडक्यातून चोथा पिळून काढायचा. जे दुधासारखं पाणी मिळेल ते रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर पाणी आलेलं असतं, ते हलक्या हातानं ओतून टाकायचं. खाली घट्ट पांढरा चीक. त्याच भांड्यानं मोजून जेवढा चीक तेवढं पाणी उकळायला ठेव, त्यात मीठ, हिंग. उकळी आली की एकीनं चीक धार धरून ओतायचा आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं घाटायचं. थांबलीस की गुठळ्या. पांढरा होता तो काचेसारखा दिसायला लागला की झाकण ठेवून वाफ काढ.

खायचा तो गरम असतानाच. वाटीत घेऊन मध्ये खळगा, त्यात तेल नाहीतर तूप, वर तिखट. पोरांना दूध-साखर. उरला तर कुरडया, सोऱ्यातून सरळ गच्चीवरच्या प्लॅस्टिकवर. आमच्याकडे बहुतेक वेळा कुरडयांना फार उरत नाही. म्हणून मी आता कुरडया विकत आणते आणि चीक खाण्यासाठी म्हणून करते. पाच-सहा शेजारणी, सगळ्यांची नातवंडं, सकाळी नऊच्या आत आटोपतं. नंतर गच्ची तापते.

तासगावकर

नऊच्या आत हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये अकरानंतर बाहेर पडणं म्हणजे आ बैल मुझे मार. पण तेच ऊन आमच्या बेदाण्याला लागतं. बागेत द्राक्षं उतरली की शेडवर जाळ्यांच्या मजल्यांवर पसरतात. पंधरा दिवसांच्या आसपास हिरव्याचा बेदाणा होतो. पोरांना दर रविवारी शेडवर नेतो. तोच घड दर आठवड्याला कसा आक्रसतो ते बघायला. धाकट्यानं एका मण्यावर पेनानं खूण करून ठेवली होती, शोधत बसला. अवकाळीचा ढग आला मात्र की साजरंबिजरं सगळं बाजूला, ताडपत्री घेऊन पळायचं.

निंबोणी

आजी, खूप खूप धन्यवाद. गहू आजच भिजत घातले.

कोरेगावची मावशी

आजी, सल्ला हवाय. नात अडीच महिन्यांची आहे, बारसं राहिलंय. लेकीला हॉल नको, तिला नदीकाठ हवाय. संगम माहुलीचं डोक्यात आहे. कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट, विश्वेश्वराचं देऊळ, फोटोही चांगले येतील. पण विहीणबाईंचं तोंड वाकडं झालंय. काय करू?

हळदीचं पेव

माहुली सुंदरच आहे. पोरांना शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवा, सगळ्यात जास्त तीच आवडते.

माचीवरची आजी

मावशी, मला माहुली फार आवडते. संध्याकाळी घाटावर बसायला आम्ही नेहमी जातो. पण विहीणबाईंचं तोंड का वाकडं झालं ते मी सांगते. साताऱ्याची कैलास स्मशानभूमी तिथेच आहे. गावातली बहुतेक माणसं माहुलीला जातात ती कुणालातरी पोचवायला. मला त्याचं काही वाटत नाही, तुमच्या लेकीलाही वाटत नसेल, पण बारसं दोन्ही घरांचं आहे. बाळाला मांडीवर घेऊन नाव सांगताना एका आजीचा जीव थाऱ्यावर नसला तर काय मजा? फोटो नंतर कधीही काढता येतील.

त्यापेक्षा कुणाचं मळ्यातलं घर असेल तर बघा, तुमच्या कोरेगावच्या बाजूला मळे आहेतच. विहिरीपासून लांब, आंब्याखाली. मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या असतील, सावली दाट असते. वेळ संध्याकाळी पाचनंतरची, ऊन कलल्यावर. बाळाच्या अंगावर दागिने आणि जर नको, मलमलचं झबलं आणि टोपरं पुरे. सुंठवडा, घुगऱ्या, पेढे. पाहुण्यांनी पावडर-अत्तर लावून येऊ नये असं आमंत्रणातच घाला, वर डोंगरवाट यांनी लिहिलंय ते वाचलंच असेल.

पाळणा झाडाला बांधणार असाल तर फांदी आंब्याची, चिंचेची किंवा वडाची धरा. पांगारा फुललेला असतो म्हणून फोटोसाठी मोह होतो, पण त्याचं लाकूड हलकं आणि ठिसूळ, त्याला पाळणा टांगू नका. शेवग्याला तर मुळीच नको. दोर नवा घ्या आणि आधी नातवातला सगळ्यात दांडगट बघून त्याला बसवून झोके द्या.

कोरेगावची मावशी

दांडगट घरात आहे. मळा थोरल्या दिरांचा आहे, आजच फोन करते. विहीणबाई आंब्याला तयार होतील असं वाटतंय. घुगऱ्या गव्हाच्या की हरभऱ्याच्या?

माचीवरची आजी

हरभऱ्याच्या. आणि त्या दिरांना करायला सांगा.